सानितातील भुयारे आणि वस्तीचा हक्क

इटलीतील नेपल्स शहर पिवळसर टफ दगडावर, म्हणजे ज्वालामुखीची राख साचून घट्ट झालेल्या खडकावर, वसलेले आहे. हा दगड खोदायला मऊ आणि खोदल्यावर तग धरण्याइतका मजबूत असल्याने तेथील लोक ग्रीक काळापासून जमिनीखाली खाणी, पाण्याचे हौद आणि थडगी कोरत आले. जुन्या तटाबाहेरची, कापोदिमोंते टेकडीखालची सानिता ही वस्ती अशाच एका प्राचीन दफनभूमीवर वाढली. येथील सान जेन्नारोचे कॅटाकोम, अर्थात दफनासाठी कोरलेल्या दालनांचे आणि बोळांचे दुमजली जाळे, इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास आकार घेऊ लागले. पाचव्या शतकात संत जेन्नारो यांच्या अस्थी तेथे आणल्या गेल्या आणि ते तीर्थस्थान बनले. ८३१ मध्ये बेनेव्हेंतोच्या लोम्बार्ड शासकाने त्या अस्थी नेल्यानंतर मात्र त्याचे महत्त्व हळूहळू ओसरले.

वस्तीच्या वाट्याला आलेली उपेक्षा त्या मानाने अलीकडची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नेपल्सवर फ्रेंचांची सत्ता असताना, शहरातून कापोदिमोंतेच्या राजवाड्याकडे जाणारा रस्ता सानिताच्या घरांवरून पूल बांधून नेण्यात आला, आणि जी रहदारी या गल्ल्यांमधून जाऊ शकली असती ती डोक्यावरून जाऊ लागली. पुढे बेकारी आणि कामोर्रा या स्थानिक गुन्हेगारी टोळ्यांचा वावर यांमुळे सानिताचे नाव इतके बदनाम झाले, की कॅटाकोम पाहायला येणारे मोजके लोक टेकडीवरूनच आत उतरत आणि टेकडीवरूनच परत जात.

२००६ मध्ये वस्तीतल्या तरुणांनी, सांता मारिया देल्ला सानिता चर्चचे धर्मगुरू आंतोनियो लोफ्रेदो यांच्या प्रोत्साहनाने, ‘ला परांझा’ ही सहकारी संस्था काढली. आधी त्याच चर्चखालचे सान गाउदिओसोचे कॅटाकोम आणि मग सान जेन्नारोचे अशी दोन्हींची व्यवस्था तिच्याकडे आली. देणग्या व अनुदाने मिळवून साफसफाई, दिवाबत्ती आणि भित्तिचित्रांचे जतन यांची कामे झाली. वस्तीतलीच मुले-मुली मार्गदर्शक झाली, आणि भेट त्यांच्यासोबतच, गटाने करायची असा नियम असल्याने भुयारात गर्दी किती व कोठे होते यावर आपोआप नियंत्रण राहिले. हा नियम शिस्तीपुरता नाही. माणसांच्या श्वासाने बंदिस्त जागेतील ओलावा वाढतो, दिव्यांच्या प्रकाशात दगडावर शेवाळ धरते, आणि पाचव्या-सहाव्या शतकांतील चित्रांचा रंग एकदा सुटला की परत बसवता येत नाही.

तरीही या प्रयोगातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय जतनाचा नसून वाटेचा होता, असे म्हणावे लागेल. आता पर्यटक टेकडीवरून आत शिरतो, पण बाहेर पडतो तो खाली, तटाबाहेरच्या सान जेन्नारो बॅसिलिकेतून, थेट सानितात. तेथून पुढे त्याला वस्तीतूनच चालावे लागते, आणि त्यामुळे तिकिटाबरोबरच कॉफी, पिझ्झा आणि मुक्काम यांचा पैसाही गल्लीत उतरतो. पूर्वी वर्षाकाठी काही हजारांवर असलेली पाहुण्यांची संख्या कोरोनाच्या साथीआधी एका लाखापलीकडे गेली होती.

यश आले आणि मालकीचा प्रश्नही आला. १९२९ च्या लॅटरन करारानुसार इटलीतील ख्रिस्ती कॅटाकोम व्हॅटिकनच्या अखत्यारीत येतात. त्या आधारे २०१८ मध्ये व्हॅटिकनच्या पुरातत्त्व आयोगाने तिकिटाच्या उत्पन्नातील निम्मा वाटा मागितला, तेव्हा संस्थेच्या बाजूने मोठी सह्यांची मोहीम उभी राहिली. कायद्याच्या दृष्टीने आयोगाची मागणी निराधार नव्हती. पण ज्या उत्पन्नावर तो हक्क सांगत होता ते वस्तीच्या श्रमाखेरीज निर्माणच झाले नसते, हेही तितकेच खरे होते. संस्थेचे काम त्यानंतरही चालू राहिले.

अधिक अवघड प्रश्न भुयाराच्या वरचा आहे. पर्यटक वाढले की घरे रहिवाशांऐवजी पाहुण्यांना, दिवसांच्या बोलीवर, भाड्याने देणे परवडू लागते, आणि नेपल्सच्या जुन्या भागात हे सर्रास घडत आहे. तिकिटाचा दर, गटाचा आकार आणि बाहेर पडण्याची वाट सहकारी संस्था ठरवू शकते. तिच्या मार्गदर्शकांच्या शेजाऱ्यांना घरभाडे किती पडेल, हे ठरवण्याचा अधिकार तिला कोणत्याही कराराने दिलेला नाही.