राजकोटचे आल्फ्रेड हायस्कूल

काठियावाडातील इंग्रजी शिक्षणाचा पाया राजकोट येथे घातला गेला. दि. 17 ऑक्टोबर 1853 रोजी तेथे सरकारी इंग्रजी शाळा उघडण्यात आली व कालांतराने तीस हायस्कुलाचा दर्जा प्राप्त झाला. जुनागढच्या नबाबांच्या साहाय्याने उभारलेली तिची भव्य वास्तू 1875 मधील आहे. प्रारंभी ही शाळा काठियावाड हायस्कूल म्हणून ओळखली जाई; राणी व्हिक्टोरियाचे पुत्र प्रिन्स आल्फ्रेड यांच्या नावावरून पडलेले ‘आल्फ्रेड हायस्कूल’ हे नाव पुढे रूढ झाले.

या शाळेत 1880 साली मोहनदास करमचंद गांधी यांनी प्रवेश घेतला. त्यांचे वडील त्या वेळी राजकोट संस्थानचे दिवाण होते. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत शाळेच्या दिवसांसंबंधी मोकळेपणाने लिहिले असल्याने, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या सरकारी हायस्कुलात अध्यापन व व्यायाम यांची व्यवस्था कशी होती, हे विद्यार्थ्याच्याच बाजूने पाहण्याची दुर्मीळ संधी आपणांस मिळते.

मुख्याध्यापक दोराबजी एदलजी गिमी हे शिस्तीचे भोक्ते असूनही विद्यार्थिप्रिय होते. वरच्या इयत्तांतील मुलांना त्यांनी व्यायाम व क्रिकेट सक्तीचे केले. गांधीजींना दोहोंचीही नावड होती. एक तर स्वभाव लाजाळू, आणि दुसरे म्हणजे शाळा सुटताच घरी जाऊन आजारी वडिलांची सेवा करण्याची ओढ. एका शनिवारी शाळा सकाळची होती व दुपारी चार वाजता व्यायामासाठी पुन्हा यावयाचे होते. जवळ घड्याळ नव्हते, आकाश अभ्राच्छादित होते. ते पोहोचले तेव्हा सर्व मुले निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी दिलेले कारण मुख्याध्यापकांस खरे वाटले नाही आणि एक-दोन आण्यांचा दंड झाला. दंडाचे दुःख फारसे नव्हते. आपण खोटे ठरलो, याचे होते. शेवटी वडिलांनी पत्र लिहून त्यांची व्यायामातून सुटका करविली. मोकळ्या हवेत लांब फिरावयास जाण्याची सवय मात्र त्यांना होती व तिने प्रकृती काटक राहिली. तरीही, अभ्यासक्रमात शरीरशिक्षणाला बौद्धिक शिक्षणाइतकेच स्थान असावयास हवे, असे मत त्यांनी पुढे नमूद केले. सक्तीच्या तासाला कंटाळलेल्या मुलाचे हे मत आहे, म्हणून त्याला अधिक वजन आहे.

शिक्षणविषयक बाजू अधिक गुंतागुंतीची दिसते. विवाहामुळे त्यांचे एक वर्ष बुडाले होते. ते भरून काढण्यासाठी तिसऱ्या इयत्तेत सहाच महिने काढून त्यांना चौथीत बसविण्यात आले. चौथीपासून बहुतेक विषय इंग्रजीतून शिकविले जात. भूमिती हा विषय त्यांना नवा आणि भाषाही परकी. शिक्षक चांगले असूनही काही उमगेना. खाली उतरावे असे अनेकदा वाटले, परंतु वर चढविणाऱ्या शिक्षकांची अप्रतिष्ठा होईल म्हणून ते टिकून राहिले. युक्लिडच्या तेराव्या सिद्धांताशी आल्यावर एकदम प्रकाश पडला व विषय सोपा झाला. संस्कृतची गोष्ट वेगळी. फारसी सोपी असते असे मुलांकडून ऐकून ते एके दिवशी फारसीच्या वर्गात जाऊन बसले. संस्कृतचे शिक्षक कृष्णशंकर पंड्या यांनी त्यांना बोलावून, अडचण असेल तर माझ्याकडे ये, अशा मायेने परत आणले. त्या शिक्षकांचे ऋण गांधीजी कधी विसरले नाहीत.

1887 साली ते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांना इंग्रजीत 200 पैकी 89, गुजरातीत 100 पैकी साडेपंचेचाळीस, गणितात 175 पैकी 59 व सामान्य ज्ञानात 150 पैकी 54 असे एकूण 625 पैकी साडेदोनशेस अडीच कमी, म्हणजे 247½ गुण मिळाले. मातृभाषेतही निम्मे गुण नाहीत, हे शिक्षकांनी अवश्य पाहावे. 1938 साली ‘हरिजन’ पत्रात त्यांनी लिहिले की अंकगणित, भूमिती, बीजगणित, रसायन व खगोल हे विषय शिकण्यास आपणांस चार वर्षे लागली. तेच गुजरातीतून एका वर्षात सहज आले असते. आपल्या मुलांना कोणत्या भाषेच्या शाळेत घालावे, हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांपुढे नेहमीच असतो. त्यांनी हा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे.

स्वातंत्र्यानंतर, 1971 साली, शाळेस मोहनदास गांधी यांचे नाव देण्यात आले. पुढे विद्यार्थिसंख्या व निकाल दोन्ही खालावत गेले आणि 2017 साली, स्थापनेनंतर 164 वर्षांनी, शाळा बंद करण्यात आली. शेवटच्या सुमारे 125 विद्यार्थ्यांना दाखले देऊन इच्छेनुसार अन्य शाळांत प्रवेश घेण्यास सांगण्यात आले. वास्तूचे रूपांतर महात्मा गांधी संग्रहालयात होऊन दि. 30 सप्टेंबर 2018 रोजी त्याचे उद्घाटन झाले. जेथे मुले बाकांवर बसत, त्या खोल्यांतून आता प्रेक्षक गांधीजींचे चरित्र पाहत फिरतात.