विजेचे कायदे आणि उजनीकाठचा हिशेब

कापडवाल्याला विजेच्या कायद्याशी काय कर्तव्य, असे काही वाचक विचारतील. कर्तव्य आहे. उजनीच्या पाण्यावर कंदर, वांगी, चिखलठाण, कुगाव, केत्तूर या गावांत ऊस आणि केळी पिकते. त्या मालाचे पैसे आले की करमाळा, टेंभुर्णी, इंदापूरच्या पेठेत कापड उठते आणि जुनी उधारी वसूल होते. मोटार बंद राहिली की पीक जाते आणि उधारी वर्षभर लांबते. म्हणून हा विषय शेतकऱ्याइतकाच व्यापाऱ्याचाही आहे.

आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. आखातात तणाव वाढला की इथे डिझेल महागते आणि ट्रकचे भाडे चढते. ऊर्जेची सुरक्षा म्हणजे हे परावलंबन कमी करणे. त्यासाठी संसदेने केलेले दोन कायदे मुख्य आहेत.

पहिला, विद्युत कायदा २००३. वीज वाटणाऱ्या कंपनीने एकूण खरेदीपैकी ठराविक टक्के वीज सूर्य, वारा, उसाचा चोथा अशा साधनांपासून झालेली घ्यावी, हे ठरविण्याचा अधिकार या कायद्याने राज्याच्या वीज नियामक आयोगाला दिला. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीला हक्काचा ग्राहक मिळाला तो यामुळेच.

दुसरा, ऊर्जा संवर्धन कायदा २००१. पंखे, फ्रीज यांच्यावर जे तारे दिसतात, ते या कायद्याखाली स्थापन झालेल्या ब्युरोचे काम. २०२२ साली यात दुरुस्ती झाली व ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. मोठ्या उद्योगांनी किती स्वच्छ ऊर्जा वापरलीच पाहिजे हे ठरविण्याचा आणि कार्बनच्या पतपत्रांचा बाजार उभारण्याचा अधिकार त्यामुळे केंद्राला मिळाला. २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेतील निम्मा वाटा कोळसा, तेल व वायू सोडून इतर साधनांचा झाला. मात्र क्षमता निम्मी म्हणजे तयार होणारी वीज निम्मी नव्हे. सूर्य रात्री नसतो, आणि आजही जास्त वीज कोळशाचीच आहे.

साडेसात अश्वशक्तीची मर्यादा

आता गावाकडे येऊ. राज्याची 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजना २०२४ ची आहे. ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे पण विजेचे कनेक्शन नाही, त्याला किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून पंप मिळतो. जमिनीप्रमाणे पंप ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा. त्याच वर्षी ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च २०२९ पर्यंत वीजबिल माफीही जाहीर झाली.

विहिरीवाल्याला हे पुरते. पण जलाशयाकाठची गोष्ट वेगळी आहे. उन्हाळ्यात पाणी हटत जाते, तशी मोटार आणि पाईप पुढे सरकवावे लागतात. लांबून आणि उंचावर पाणी चढवायला मोठी मोटार लागते. अशा शेतकऱ्याला ना सौरपंप पुरा पडतो, ना माफी लागू होते. जास्त खर्च ज्याचा, तोच सवलतीबाहेर राहतो. जलाशयाकाठच्या उपसा पंपांचा वेगळा विचार व्हावा, ही मागणी गावांनी एकजुटीने मांडण्यासारखी आहे.

अशा गावांना खरा उपयोग आहे तो फीडर सौर करण्याचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० (२०२३) मध्ये उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची आहे. मोटार तीच राहते, आणि रात्री अंधारात, चिखलात, सापकिरड्यात पाण्याकाठी जाणे टळते. प्रकल्पासाठी जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आहे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. पडीक, मुरमाड रानाला हा सौदा वाईट नाही. बागायती रान मात्र यात देऊ नये.

कारखानदारांसाठी

यंत्रमाग व टॉवेलवाल्यांनी २०२२ चे हरित खुल्या वापराचे नियम पाहावेत. पूर्वी बाहेरून वीज विकत घेण्यासाठी १ मेगावॅटची अट होती. हरित विजेसाठी ती १०० किलोवॅट झाली. एकाच ग्राहकाची एकाच वीज विभागातील अनेक कनेक्शने मिळून १०० किलोवॅट भरली तरी चालते. मात्र वहनाचा आकार, अधिभार हे सर्व धरूनच दर काढावा. नुसता युनिटचा भाव ऐकून सही करू नये.

पाण्याचा हिशेब

उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. धरणाचे स्वतःचे जलविद्युत केंद्र १२ मेगावॅटचे आहे. सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या १३२० मेगावॅट औष्णिक केंद्रालाही उजनीचेच पाणी जाते. कोळशाच्या विजेला थंड करायला पाणी फार लागते, सौर पॅनेलला धुण्यापुरतेच. साठा उणे पातळीत जातो त्या वर्षी वाचलेला प्रत्येक थेंब सोलापूरच्या नळाला किंवा काठच्या पिकाला कामी येतो. स्वच्छ विजेचा आपल्या जिल्ह्याला सर्वांत मोठा फायदा हाच.

वाचकांनी एवढे करावे. बिलावर मंजूर अश्वशक्ती किती लिहिली आहे ती पाहावी. गावाची वाहिनी सौर योजनेत आहे की नाही, हे महावितरणच्या उपविभागात लेखी विचारावे. जमिनीचा करार वकिलाला दाखवूनच करावा. सौरपंपाच्या नावाने कोणी दलाल रोख पैसे मागत असेल, तर एक पैसाही देऊ नये.