वाळवंटातून आलेलं मौन

१९५०च्या दशकात मलायातल्या ब्रिटिश प्रशासनात डग्लस मेन नावाचा एक तरुण अधिकारी होता. आयरिश कॅथलिक घरातला, कायद्याचं शिक्षण झालेला. सरकारी कामासाठी तो क्वालालंपूरमध्ये स्वामी सत्यानंदांकडे गेला. स्वामी तिथं अनाथ मुलांसाठी काम करत. काम झाल्यावर बोलणं प्रार्थनेकडे वळलं. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास स्वस्थ बसायचं आणि एकच मंत्र मनात म्हणत राहायचा, अशी स्वामींची साधना होती. मी ख्रिस्ती आहे, मला हे जमेल का, असं मेननं विचारलं. स्वामींना हसू आलं. यामुळे तू अधिक चांगला ख्रिस्ती होशील, असं त्यांनी सांगितलं. म्हणायचा शब्द मात्र त्याच्या स्वतःच्या श्रद्धेतला असावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

काही वर्षांनी, १९५९ मध्ये, मेन लंडनच्या ईलिंग अ‍ॅबीत दाखल झाला आणि बेनेडिक्टाइन संघाचा मठवासी जॉन मेन झाला. नवागतांना घडवणाऱ्या तिथल्या गुरूंनी ही साधना सोडून द्यायला सांगितलं. ही ख्रिस्ती प्रार्थना नाही, असं त्यांचं मत होतं. मेननी आज्ञा पाळली आणि साधना थांबवली. पुढची दहाहून अधिक वर्षं ती थांबलेलीच राहिली. खरं तर या प्रार्थनेचं मूळ ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ मठात मोठ्यानं वाचला जावा असं बेनेडिक्टाइनांच्या नियमातच लिहून ठेवलेलं आहे. इतक्या जवळची गोष्ट इतकी परकी कशी झाली, हे समजून घ्यायचं तर इजिप्तच्या वाळवंटात जावं लागतं.

आपल्याकडे ख्रिस्ती उपासना म्हटलं की कानात आधी आवाज येतात. चर्चची घंटा, नाताळची कॅरोल, गोव्याच्या चर्चमधलं व्हायोलिन, मराठी मंडळ्यांतली पेटी-तबल्यावरची भजनं, आणि व्यासपीठावरून होणारं प्रवचन. हा धर्म शब्दांचा आहे, अशी आपली समजूत होते आणि ती अगदीच चुकीची नाही. पण त्याच धर्मात सतराशे वर्षांपूर्वी माणसं शब्द बाजूला ठेवण्यासाठी गावं सोडून निघाली होती. इ. स. २७०च्या सुमारास अँथनी नावाच्या इजिप्शियन तरुणानं वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली आणि तो एकांतात राहू लागला. त्याच्यामागून शेकडो, पुढे हजारो स्त्री-पुरुष गेले. चौथ्या शतकात रोमन साम्राज्यानं ख्रिस्ती धर्म आपलासा केला, धर्माला मान आणि पद मिळू लागलं, आणि त्याच काळात वाळवंटातली ही वस्ती वाढत गेली. मला यात योगायोग दिसत नाही. सत्तेच्या दरबारात धर्म फार बोलू लागला, तेव्हा काहींना गप्प राहण्याची निकड वाटली.

या वस्त्यांपैकी स्केटिस ही सर्वांत नावाजलेली. कैरोच्या वायव्येला आज जिला वादी नत्रून म्हणतात तीच ही जागा, आणि तिथं चार कॉप्टिक मठ अजूनही नांदते आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन कॅसियन आणि त्याचा मित्र जर्मेनस हे दोन तरुण तिथं शिकायला आले. कॅसियननं पुढे मार्सेयमध्ये मठ स्थापले आणि इजिप्तमधल्या वडीलधाऱ्यांशी झालेले चोवीस संवाद लॅटिनमध्ये लिहून काढले. त्यातल्या दहाव्या संवादाच्या सुरुवातीला सेरापियन नावाच्या म्हाताऱ्या साधूची हकीकत आहे. मराठी वाचकाला ती लगेच भिडावी.

३९९च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे बिशप थिओफिलस यांनी पत्र धाडलं, की देवाला माणसासारखा देह आहे असं मानणं चूक आहे. स्केटिसमधल्या पुष्कळ साधूंना ते रुचलं नाही. त्यात सेरापियनही होता. उभं आयुष्य कठोर तपात घालवलेला, अंगी सगळे गुण असलेला हा माणूस देवाचा चेहरा मनात आणून प्रार्थना करत असे. बाहेरून आलेल्या एका विद्वानानं शास्त्राचे दाखले देऊन त्याला समजावलं आणि म्हाताऱ्याला ते पटलंही. सगळ्यांनी आभाराची प्रार्थना सुरू केली. म्हातारा मात्र मधेच जमिनीवर कोसळून रडू लागला. माझा देव यांनी नेला, आता मी कुणाला धरू, कुणाला हाक मारू, असा त्याचा आकांत होता.

सगुण की निर्गुण, हा आपल्याकडचा जुना प्रश्न. आपल्या संतांनी दोन्हींना एकत्र नांदवलं, त्यामुळे सेरापियनचं रडणं आपल्याला परकं वाटत नाही. कॅसियन आणि जर्मेनसही हादरले. एवढ्या तपस्व्याची ही गत, तर आपलं काय? देवाचं रूप डोळ्यांपुढे आणायचं नाही, तर मन टिकवायचं कशावर? अब्बा इसहाक या वृद्ध साधूनं त्यांना जे उत्तर दिलं, त्यातूनच पुढची सगळी परंपरा निघाली. बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ धरा, तो म्हणाला. देवानं लवकर मदतीला यावं अशी विनवणी त्या ओळीत आहे. आपल्याकडे जिला धावा म्हणतात, तसलीच ती आर्त हाक. चालताना, जेवताना, झोप लागताना, मोहात, भीतीत आणि आनंदातही ती एकच ओळ म्हणत राहायची. बाकीचे विचार, अगदी थोर आणि पवित्र विचारसुद्धा, सोडून द्यायचे. विचारांच्या या दारिद्र्यातून मन अशा प्रार्थनेपाशी पोचतं जिला रूप नसतं आणि शेवटी शब्दही नसतात.

वारकऱ्याला नामस्मरण कुणी समजावून सांगावं लागत नाही, म्हणून इसहाकाचा उपदेश त्याला ओळखीचा वाटेल. मात्र दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. इसहाकाच्या ओळीत देवाचं नाव आळवण्यापेक्षा स्वतःच्या असहायतेची कबुली जास्त आहे. या मौनाचा पाया तोच आहे. मला स्वतःला सावरता येत नाही, हे एकदा मान्य झालं की बोलण्यासारखं फारसं उरत नाही.

हे सगळं ऐकायला शांत वाटतं, प्रत्यक्षात ते तसं नसे. इव्हॅग्रिअस हा त्याच वाळवंटातला साधू. मन किती आकांडतांडव करतं, याची नोंद त्याच्याइतकी बारकाईनं फार थोड्यांनी केली असेल. भरदुपारच्या एका भुताचं त्यानं वर्णन केलं आहे. सकाळी दहाच्या सुमारास ते येतं आणि दोनपर्यंत मुक्काम ठोकतं. सूर्य हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू पुन्हापुन्हा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून. मग जागेचा वीट येतो, कामाचा वीट येतो, सोबतच्या भावांत प्रेम उरलेलं नाही असं वाटू लागतं. दुसरीकडे गेलं तर देव जास्त सहज भेटेल, असा विचार येतो. घरची माणसं आठवतात. पुढे काढायचं लांबलचक आयुष्य डोळ्यांपुढे उभं राहतं. खिडकीच्या जागी मोबाइल ठेवला, तर यातला एकही शब्द बदलावा लागणार नाही. इव्हॅग्रिअसचा उपाय साधा आहे: उठायचं नाही. ते भूत जातं, आणि ते गेल्यावर येणारी शांती खरी असते.

कॅसियनमार्फत हे सगळं युरोपात पोचलं. सहाव्या शतकात सेंट बेनेडिक्टनं आपल्या मठांसाठी त्र्याहत्तर प्रकरणांचा नियम लिहिला. त्याचं बेचाळिसावं प्रकरण रात्रीच्या मौनाबद्दल आहे. संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावं, एकानं कॅसियनचे संवाद किंवा वाळवंटातल्या साधूंची चरित्रं वाचावीत, मग दिवसाची शेवटची प्रार्थना व्हावी आणि त्यानंतर कुणीही बोलू नये, असं त्यात सांगितलं आहे. त्याच नियमात पाहुणा आला तर मौन मोडण्याची मुभाही आहे. अकराव्या शतकात, १०८४ मध्ये, ब्रूनो नावाचा साधक सहा सोबत्यांसह फ्रान्समधल्या शार्त्रझच्या डोंगरात गेला आणि मौनाची याहून कडक वाट सुरू झाली. या वाटेवरचे कार्थुझियन साधू आजही एकेका घरकुलात एकटे राहतात. जेवण भिंतीतल्या झडपेतून येतं. मध्यरात्री सगळे उपासनेला जमतात आणि आठवड्यातून एकदा बरोबर फिरायला जाताना मनमोकळं बोलतात. फिलिप ग्रोनिंग या जर्मन दिग्दर्शकानं १९८४ मध्ये शार्त्रझच्या मठात चित्रीकरणाची परवानगी मागितली, आणि होकार यायला सोळा वर्षं लागली. २००५ मध्ये आलेला तो चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपासचा आहे आणि त्यात निवेदन नाही. मौन म्हणजे काय, हे व्याख्यानातून ऐकण्यापेक्षा तो चित्रपट पाहावा, असं मी प्रत्येकाला सुचवेन.

मग या मौनाचं विस्मरण कधी झालं? सतराव्या शतकाच्या शेवटी. मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूनं रोममध्ये निःशब्द, निष्क्रिय प्रार्थनेचा प्रचार केला. त्याची शिकवण माणसाला नीतीच्या जबाबदारीतूनच मोकळं करते, असा ठपका ठेवून १६८७ मध्ये चर्चनं त्याला दोषी ठरवलं. फ्रान्समध्ये मादाम गियों याच वादात बास्तीयच्या तुरुंगात गेल्या. त्यानंतर कॅथलिक जगात शब्दाविना प्रार्थना करणाऱ्याकडे शंकेनं पाहिलं जाऊ लागलं. मोजक्या मठांच्या भिंतींआड ती चालू राहिली, सामान्य भाविकाच्या हाती मात्र पुस्तकातल्या प्रार्थना आणि जपमाळ उरली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये असा खंड पडला नाही. तिथं येशूच्या नावाची छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हणण्याची रीत माउंट अ‍ॅथोसच्या साधूंनी जपली होती, आणि चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास यांनी तिची बाजू मांडल्यावर चर्चसभांनी तिला मान्यताही दिली होती.

ईलिंगमधल्या त्या गुरूंना दोष द्यावासा मला वाटत नाही. त्यांच्या हाती जे आलं, ते तीनशे वर्षांच्या संशयातून गाळून आलेलं होतं. १९७०च्या दशकात मेन वॉशिंग्टनमध्ये शाळेचे मुख्याध्यापक होते. ख्रिस्ती धर्मात ध्यानाची वाट आहे का, असं विचारत एक तरुण त्यांच्याकडे आला. त्याला उत्तर देण्याच्या निमित्तानं मेन जुने ग्रंथ उलगडू लागले आणि कॅसियनच्या दहाव्या संवादापाशी पोचले. स्वामींनी दिलेली साधना तिथं लॅटिनमध्ये लिहिलेली होती. १९७५ मध्ये त्यांनी ईलिंगलाच परतून सामान्य लोकांसाठी ध्यानगट सुरू केले. पुढे ते माँट्रियलला गेले आणि १९८२ मध्ये वारले. त्यांच्या पद्धतीत पाठ ताठ ठेवून स्थिर बसायचं, डोळे हलकेच मिटायचे आणि ‘मारानाथा’ हा बायबलमधला अरामी शब्द चार समान अक्षरांत मनात म्हणत राहायचं. मन भरकटलं की पुन्हा त्या शब्दाकडे यायचं. सकाळी वीस ते तीस मिनिटं, संध्याकाळी तेवढीच. आज किती जमलं याचा हिशेब ठेवायचा नाही, हे ते आवर्जून सांगत.

याच काळात आपल्या महाराष्ट्रातही असं काही घडत होतं. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात ‘साधना’ ही संस्था सुरू केली आणि ती पुढे लोणावळ्याला गेली. जेझुइटांकडे सेंट इग्नेशियसची तीस दिवसांची मौनसाधना आधीपासून होती. डिमेलोंनी तिला श्वासाकडे, शरीरातल्या संवेदनांकडे, आसपासच्या आवाजांकडे लक्ष देण्याची जोड दिली. १९७८ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘साधना’ या इंग्रजी पुस्तकातला पहिलाच अभ्यास मौनाचा आहे: दहा मिनिटं गप्प बसा आणि काय होतं ते पाहा. बहुतेकांना आतला गोंगाट ऐकू येतो. त्यांच्या मते तेही हाती लागलेलं काहीतरी असतं. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकननं त्यांची काही मतं कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचं जाहीर केलं. सुरुवातीची पुस्तकं मात्र ख्रिस्ती साधनेच्या चौकटीत बसतात, असंही त्याच निवेदनात म्हटलं होतं. त्याआधी १९८९ मध्ये ध्यानाविषयी व्हॅटिकनचं पत्र निघालं होतं. त्यात इतर धर्मांतल्या पद्धतींतलं चांगलं घ्यायला हरकत नाही, पण शरीराला लाभणारा निवांतपणा म्हणजेच देवाचा स्पर्श असं समजू नये, असा इशारा होता.

हा इशारा मला रास्त वाटतो. आज मौन हा ताण घालवण्याचा इलाज म्हणून विकला जातो, आणि गप्प बसणाऱ्याचं लक्ष शेवटी स्वतःपाशीच घुटमळतं. वाळवंटातल्या साधूंना ही भीती ठाऊक होती. मौनाची परीक्षा ते खोलीच्या बाहेर घेत. कॅसियन पाहुणा म्हणून गेला, की साधू आपला उपास मोडून त्याच्याबरोबर जेवत. त्यानं कारण विचारलं तेव्हा एका वृद्धानं समजावलं, की उपास नेहमीच हाताशी असतो, पाहुणा मात्र निघून जाणार असतो.

अब्बा मोझेस हा पूर्वीचा दरोडेखोर, पुढे स्केटिसमधला मोठा साधू. तिथं एका भावाच्या हातून काही अपराध घडला आणि त्याचा न्याय करायला सभा बसली. मोझेसला बोलावणं गेलं. तो आला नाही. पुन्हा निरोप गेला, सगळे वाट पाहत आहेत. तेव्हा तो उठला, पाण्यानं भरलेलं एक गळकं भांडं त्यानं पाठीवर घेतलं आणि तो सभेकडे चालू लागला. सामोरे आलेल्यांनी हे काय म्हणून विचारलं. माझी पापं अशीच माझ्यामागे सांडत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला निघालो आहे, एवढंच तो बोलला. त्यावर त्या भावाला कुणी काही विचारलं नाही. त्याला क्षमा करून सभा उठली.