सेंट्रल लाइनची काळजी

म्हणजे काय? मान, कॉलर बोनखालची जागा किंवा जांघेतून मोठ्या शिरेत घातलेली नळी. टोक बहुधा हृदयालगतच्या महाशिरेत. पिक लाइन हा याचाच प्रकार; ती दंडातून जाते, टोक मात्र तिथेच.

नळीचा संसर्ग : नळी घालून 2 दिवस उलटल्यावर रक्तात जंतू सापडले आणि त्यांचा उगम शरीरात इतरत्र नसला, तर असे निदान नोंदवतात.

मिशिगनचा धडा : अमेरिकेतील या राज्यातल्या आयसीयूंनी पाच गोष्टी कटाक्षाने पाळल्या. हात धुणे, टोपी-मास्क-गाउन-ग्लोव्हजसह रुग्णावर पूर्ण निर्जंतुक चादर, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, जांघ टाळणे, नको असलेली नळी काढणे. संसर्गाचा मध्यांक दर हजार नळी-दिवसांमागे 2.7 वरून शून्यावर आला (2006चा अहवाल).

सिस्टरच्या हातात
• प्रत्येक औषधाआधी हब (औषध जोडायचे नळीचे तोंड) अल्कोहोल स्वॅबने घट्ट चोळायचा, 15 सेकंद. मग वाळू द्यायचा. घाईत नेमके हेच राहते.
• पारदर्शक ड्रेसिंग 7 दिवसांनी, गॉजचे 2 दिवसांनी बदलायचे. ओले, सैल वा मळके झाल्यास लगेच.
• नळी हवी का, हे रोज विचारायचे.

नातेवाइकांनो, थंडी वाजून ताप आला, नळीची जागा लाल झाली, दुखू लागली किंवा पू दिसला, तर ताबडतोब सिस्टरना सांगा.