पावलांची भिशी

चालण्यास पैसा पडत नाही, असे आपण सहज म्हणतो. हे अर्धसत्य होय. चालण्यास वेळ पडतो, आणि घरातील वयस्क स्त्रीच्या वेळेवर स्वयंपाकापासून नातवंडांपर्यंत सर्वांचा हक्क आधीच लागलेला असतो. गिरगाव-लालबागच्या चाळींत जिने आणि सामाईक गॅलरी यांमुळे तिची पावले आपोआप पडत. चाळींच्या जागी मनोरे आले, तेथे जिनेही सुटले आणि शेजारही.

दहा हजार पावलांचा आग्रह तिला धास्तावतो. वस्तुतः हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले.

तेव्हा प्रश्न विक्रमाचा नाही, निमित्ताचा आहे. मंगळागौरीच्या फुगडी-झिम्म्यात रमलेल्या स्त्रीला व्यायामाचा उपदेश करावा लागत नाही. असे निमित्त मोबाईलवरील मैत्रिणींच्या गटाने का देऊ नये? भिशीच्या हप्त्याप्रमाणे प्रत्येकीची पावले एकत्र जमवावीत, शंभरही जमेस धरावीत. सर्वींनी मिळून नकाशावर दादरहून पंढरपूर गाठावे आणि वाटेतील प्रत्येक गावी एकीने उखाणा घ्यावा.

मात्र उखडलेल्या पदपथांची उणीव खेळाने भरून निघणार नाही. ते काम महापालिकेचेच. आणि घरच्यांनी तिला रोज अर्धा तास मोकळा द्यावा. ती मेहेरबानी नव्हे. तिची जुनी थकबाकी आहे.