पावसाआधी घरबांधणी : माती जागेवरच राखा

रत्नागिरी जिल्ह्यातील आपले अनेक बांधव आखाती देशांत नोकरी करून गावी घर बांधतात. एप्रिल-मेमध्ये सुट्टीवर आल्यावर जागा सपाट केली जाते, जोत्याचा भराव टाकला जातो आणि मालक परत जातो. जूनमध्ये पाऊस लागला की उतारावरची ही उघडी माती शेजाऱ्याच्या शेतात, विहिरीत व गटारात जाऊन बसते. भराव खचतो, पैसा वाया जातो आणि शेजाऱ्यांत तंटा उभा राहतो.

याचा हिशेब सोपा आहे. पाच गुंठे जागेवरून अवघा एक सेंटीमीटर थर गेला, तरी पावणेदोन ब्रासहून अधिक माती गेली. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तेवढ्याच जागेवर सुमारे ५० हजार लिटर पाणी पडते. कोकणात असे दिवस नवीन नाहीत.

पुष्कळ ठेकेदार प्लॉटच्या खालच्या टोकाला एक खड्डा काढतात व काम झाले असे समजतात. परंतु खड्ड्यात वाळू व मुरूम अडतो, चिकणमाती अडत नाही. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर स्थिर पाण्यात सुमारे दोन मिनिटांत तळाशी बसतो. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला त्यासाठी तीन दिवसांहून अधिक लागतात. भर पावसात पाणी इतके थांबत नाही, म्हणून लाल पाणी पुढे जातेच. सबब, सुटलेली माती अडविण्यापेक्षा ती सुटू न देणे हाच खरा उपाय होय.

त्यासाठी पुढील कामे मेअखेर पुरी करावीत :

१) सगळा प्लॉट साफ करू नये. बांधकामापुरतीच जागा मोकळी करावी व खालच्या कडेला गवताची पट्टी राखावी.

२) वरच्या बाजूस चर खणून डोंगराचे पाणी बांधकामाला वळसा घालून पऱ्ह्यात सोडावे. चराच्या तोंडाशी दगड रचावेत.

३) भराव थराथराने टाकून, पाणी मारून धुमस करावा. उघड्या उतारावर पेंढा किंवा वाळलेले गवत पसरून ते जाळीने दाबावे.

४) माती-वाळूचे ढीग गटारापासून दूर ठेवून ताडपत्रीने झाकावेत.

५) एवढे झाल्यावर खालचा खड्डा काढावा आणि तो निम्मा भरताच गाळ उपसावा.

ही कामे व त्यांचा दर ठेक्याच्या करारात वेगळा लिहून घ्यावा. तसे न केल्यास मालक परदेशी असताना ती कोणी करायची, हा वाद ठरलेलाच. पेंढा, ताडपत्री व चर यांचा खर्च भराव दुसऱ्यांदा टाकण्यापेक्षा पुष्कळच कमी येतो.

इस्लामने शेजाऱ्याचा हक्क फार मोठा मानला आहे. हलाल कमाईतून उभ्या राहणाऱ्या घराच्या मातीने शेजाऱ्याची विहीर गढूळ होऊ नये, ही जबाबदारी मालक व ठेकेदार दोघांचीही आहे.