जुन्या फियाटला विमानाचं पेट्रोल?

मुंबई-गोवा महामार्गावर लोट्याजवळून अजूनही एखादी जपून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, जाताना दिसते. अशा गाडीत विमानाचं इंधन घालावं का, हा प्रश्न हौशी मालक विचारतात.

आधी एक घोळ टाळा. जेट विमानांचं एटीएफ म्हणजे मूलतः शुद्ध केलेलं रॉकेल. ते पेट्रोल इंजिनात कधीच घालू नये. छोटी पिस्टन विमानं मात्र निळ्या रंगाच्या ‘एव्हगॅस १०० एलएल’वर उडतात. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली.

त्याचं आकर्षण खरं आहे. त्यात इथेनॉल नसतं, त्यामुळे जुने रबरी होज आणि सील खराब होत नाहीत. ते टाकीत जास्त काळ टिकतं. शिवाय त्यात टेट्राएथिल लेड असतं, आणि शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज रोखतो. पण वाढीव ऑक्टेनचा फियाटला फायदा नाही. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात ते ताकद वाढवत नाही. थंड इंजिन सुरू व्हायलाही त्रास होतो, कारण हे इंधन सहज वाफ होत नाही.

आणि शिसं! लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत. ते मुलांच्या मेंदूला इजा करतं. भारताने २००० साली शिसंयुक्त पेट्रोल बंद केलं ते याचसाठी. लोट्यासारख्या रासायनिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांच्या हवेत आपण हौसेखातर शिसं का मिसळावं? त्यापेक्षा इंजिनाचं हेड उघडून व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घ्या, इथेनॉल सोसणारे होज लावा.